‘मदर ट्रेन्ड’

माझ्या लेकीच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी संपली की अगदी खाली एक ओळ आहे : ‘मदर ट्रेन्ड’. म्हणजे आईला शिकवलं आहे. त्याखाली सही आणि शिक्का. २०१९ साली पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातून ते कार्ड घेऊन आम्ही बाहेर पडलो, तेव्हा ती ओळ मला शाबासकीसारखी वाटली होती. आता ती वाचली की राग येतो. हा राग आपल्या अंकात मांडावा असं बरेच दिवस मनात होतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. नवरा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहे. लेकीला जन्मताना श्वास घ्यायला उशीर झाला, त्यातून सेरेब्रल पाल्सी. तिला सगळं कळतं, हसते, रागावते, पण गिळता येत नाही. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जातो. तीन वर्षांची होईपर्यंत मी तिला तोंडानं भरवलं. एका जेवणाला दीड तास, असं दिवसातून पाच वेळा. तीनदा न्यूमोनिया झाला. तिसऱ्या वाढदिवसाला वजन होतं साडेआठ किलो.

डॉक्टरांनी पोटातून नळी घालायचं सुचवल्यावर ‘हो’ म्हणायला आम्ही एक वर्ष घेतलं. त्या वर्षाबद्दल मला आधी बोललं पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, “पोटाला भोक पाडून जेवायला घालायचं? लेकराच्या जिभेला चव नको?” त्यांचं दुःख खोटं नव्हतं. उष्टावणाला मामानं चांदीच्या वाटीतली खीर भरवली आणि ठसका लागून पोर निळी पडली, ते त्यांनीही पाहिलं होतं. पण अडवलं त्यांनी एकट्यांनी नाही. मी स्वतःला अडवलं. चिऊचा घास, काऊचा घास भरवते ती आई, हे माझ्यात इतकं मुरलेलं होतं की सिरिंजनं जेवू घालणारी बाई मला आईच वाटेना. नळी घेणं म्हणजे भरवायला कंटाळलेल्या बाईनं काढलेली पळवाट, असं लोक म्हणतील याची भीती होती. माझ्या आईपणाची परीक्षा चालू होती आणि उपाशी राहत होती ती. ऑपरेशननंतर वर्षभरात तिचं वजन साडेतीन किलोनं वाढलं.

आता ही नळी काय असते ते सांगते, कारण आपल्या बैठकीत मी ‘ट्यूब’ म्हटलं की बहुतेकींच्या डोळ्यांसमोर नाकातली नळी येते. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली एक लहान छिद्र करतात, ते थेट जठरात उघडतं. आमची पहिली नळी मालेकॉट जातीची होती. चार महिन्यांनी छिद्राची वाट पक्की झाल्यावर डॉक्टरांनी ती काढून फुग्याची नळी बसवली. आतल्या टोकाला इवलासा फुगा असतो. त्यात पाणी भरलं की नळी बाहेर निसटत नाही. बाहेरच्या टोकाला मोठी सिरिंज दांडा काढून जोडायची, ती वर धरायची आणि नाचणीची पातळ पेज, गाळलेलं वरण, दूध आपसूक उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. आधी आणि नंतर साधं पाणी सोडायचं, नाही तर नळी तुंबते. जेवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोकं उंच. छिद्राभोवती रोज साबणपाण्यानं पुसून कोरडं करायचं. फिटचं औषधही याच वाटेनं जातं. फुग्यातलं पाणी आठवड्यातून एकदा काढून मोजायचं, कमी झालं असेल तर पुन्हा पुरतं भरायचं. आणि तीन-चार महिन्यांनी, कधी त्याआधीही, फुगा खराब होतो म्हणून नळीच बदलायची.

हे सगळं मला वॉर्डातल्या सिस्टरनी अर्ध्या तासात शिकवलं. एकदा स्वतः करून दाखवलं, एकदा माझ्याकडून करून घेतलं. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या अंगावर चाळीस खाटा होत्या. पण नवरा तिथेच पिशव्या धरून उभा होता. त्याला सांगितलं गेलं, “तुम्ही बाहेर थांबा, हा बायकांचा वॉर्ड आहे.” मुलांच्या वॉर्डाला तिथे बायकांचाच वॉर्ड म्हणत, कारण मुलांजवळ राहतात त्या आयाच. नर्सिंगचा जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. त्या बाईंनी तीन वर्षं शिकून, पगार घेऊन जे केलं ते मला अर्ध्या तासात यावं आणि जन्मभर फुकट करता यावं, कारण मी आई. जे फुकट करायचं त्याला माया म्हणायचं, ही जुनीच युक्ती आहे.

मार्च २०२२ मध्ये मी कोल्हापूरला दोन दिवसांच्या शिबिराला गेले. लेक झाल्यापासून घराबाहेर काढलेली ती पहिली रात्र. पहिल्याच दिवशी चार वाजता फुगा फुटला आणि नळी बाहेर आली. नवऱ्यानं छिद्रावर स्वच्छ फडकं बांधलं आणि मला फोन लावत राहिला. शिबिरात फोन बंद ठेवायचा नियम, तो मीच सुचवलेला. सात वाजता मी फोन पाहिला. घरी पोचायला अकरा वाजले. नळी निघाल्यावर हे छिद्र काही तासांतच आकसू लागतं. सात तासांनी माझ्या हातून नळी आत जाईना. गावच्या दवाखान्यात तिच्यापेक्षा बारीक नळी नव्हती. रात्रीच जीप करून पुण्याला निघालो. फिटचं औषध चुकलेलं होतं. खंबाटकीचा बोगदा यायच्या आधीच तिला झटके सुरू झाले. ती पंचवीस मिनिटं मी इथे लिहिणार नाही.

पुण्यात पुन्हा भूल, पुन्हा ऑपरेशन.

घरी आल्यावर जो येई तो एकच वाक्य बोले : “आई घरी असती तर.” सासूबाई, शेजारी, माझी सख्खी बहीण, गावातले डॉक्टर. “बापाला येत असतं तर” असं एकाही तोंडातून आलं नाही. नवरा मान खाली घालून बसायचा, पण त्यालाही मनातून तेच वाटत होतं. एंजिन उघडून पुन्हा जोडणारा माणूस हा. गाड्यांच्या नळ्या, वॉल्व्ह, सील यांत त्याचा सगळा दिवस जातो. आणि पाच मिली पाण्याच्या फुग्यापुढे त्याचे हात लुळे पडले.

मैत्रिणींनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. आधीच्या दोन वर्षांत त्यानं दोनदा म्हटलं होतं, “मला दाखव ना कसं करतेस ते.” मी म्हणाले होते, “राहू द्या, तुम्हाला जमायचं नाही.” घाई होती हे खरं. पण तेवढंच नव्हतं. त्या घरात माझ्या शब्दाला किंमत येऊ लागली ती या नळीमुळे. पाहुणे आले की सासूबाई सांगत, “आमच्या सूनबाई डॉक्टरच आहेत.” ज्या घरात मला पैशाचं विचारलं जात नव्हतं, तिथे एवढ्या एका जागी माझंच राज्य होतं. ते मला सोडवत नव्हतं. बाईला सत्तेचा एवढासा तुकडा मिळाला की तीच बेडी ती दागिन्यासारखी जपते, हे मी शिबिरांत दहा वेळा बोलले असेन. स्वतःच्या घरात मला ते दिसलं नाही.

दुसऱ्या ऑपरेशनचं छिद्र पक्कं झाल्यावर पुढची बदली आम्ही डॉक्टरांच्या देखत केली आणि ती नवऱ्यानं केली. त्याला लागले चार मिनिटं. आधी पोट रिकामं हवं. नवीन नळीचा फुगा भरून, तपासून, पुन्हा रिकामा करायचा. फुग्यात इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी. हवा नाही, सलाईनही नाही, कारण त्यातलं मीठ साचतं. किती मिली ते नळीवर छापलेलं असतं. जुन्या फुग्यातलं सगळं पाणी सिरिंजनं काढलं की नळी अलगद येते. नवीन नळीला पाण्यात विरघळणारं जेल लावून, जोर न लावता आत, मग फुगा भरायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळी जठरातच आहे ना हे पाहिल्याशिवाय थेंबही घालायचा नाही. सिरिंजनं आतला द्रव ओढून पीएच पट्टीवर टाकायचा. आकडा साडेपाच किंवा कमी आला तर जठराचं आम्ल आहे. आम्लाची औषधं चालू असतील तर आकडा फसवू शकतो, ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं. द्रव आला नाही, रक्त आलं, मूल कळवळलं, तर जेवण बंद आणि थेट रुग्णालय. नवरा म्हणाला, “हे तर लीक टेस्टसारखंच आहे. आधी कुणी सांगितलं का नाही?” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

नवीन, न पिकलेल्या छिद्रात घरी कुणीच हात घालू नये, हे मुद्दाम लिहिते. पण छिद्र जुनं असेल तर एक जादा नळी आणि तिच्याहून एक नंबर बारीक अशी दुसरी, दोन्ही घरात हव्यात. निघालीच, तर वाट उघडी राहावी म्हणून बारीक नळी हलकेच आत सरकवून चिकटपट्टी लावायची, त्यातून काही घालायचं नाही आणि निघायचं. ही बारीक नळी आम्हाला कुणी दिली नव्हती. ती असती आणि बापाला येत असतं, तर दुसरं ऑपरेशन टळण्याची मोठी शक्यता होती, असं सर्जननीच सांगितलं.

आपल्या संघटनांनी बायकांचं डोईवरचं पाणी मोजलं, सरपण मोजलं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरच्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८. तेही जे पुरुष असं काम करतात त्यांचीच ही सरासरी, न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. पण अपंग मुलाची आई समोर आली की आपण मोजणं थांबवतो आणि ‘बिचारी’ म्हणतो. माझा प्रश्न वैयक्तिक दुर्दैवाच्या खात्यात जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. त्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो अशा व्यक्तींसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ सरकारनं ‘आश्वासकिरणम’ योजनेत सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठरवले. रक्कम हास्यास्पद आहे, पण हे काम आहे एवढं तरी त्यात मान्य केलं. भत्ता मिळाला तर बाई घरात आणखी बांधली जाईल, असं आपल्यातल्या काहीजणी म्हणतात. मला वाटतं, भत्ता न देताही ती बांधलेलीच आहे. मात्र भत्त्याबरोबर सुटीचे तास मिळाले पाहिजेत, शिकलेला बदली माणूस मिळाला पाहिजे, हे मी मान्य करते.

२०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की अपंग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं हे स्त्रियांना नोकरीत समान सहभाग देण्याच्या घटनात्मक कर्तव्याविरुद्ध आहे. निकाल चांगला आहे. पण केंद्र सरकारच्या नियमात ही रजा बाईला आणि एकट्या पुरुष पालकाला. बायको असलेल्या बापाला नाही. म्हणजे इथेही ‘मदर ट्रेन्ड’च.

नवरा नळी बदलतो म्हटल्यावर गावात नवीन कुजबुज सुरू झाली : मुलगी मोठी होतेय, बापानं कसं करायचं? हा प्रश्न मी उडवून लावत नाही. आजवर तिचा फ्रॉक किती डॉक्टरांनी, विद्यार्थ्यांनी, नातेवाइकांनी न विचारता वर केला असेल त्याचा हिशेब नाही, आणि त्यात मीही आहे. पोट तिचं आहे. आता आम्ही कमरेखाली चादर टाकतो, काय करणार ते सांगतो आणि ‘आई की बाबा?’ असं विचारतो. ज्याच्याकडे ती नजर वळवते तो करतो. बहुतेक वेळा ती बाबाकडे बघते. त्याचे हात गरम असतात.

तालुक्याच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आणि आम्ही पाच घरं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अंगणवाडीच्या खोलीत जमतो. सिस्टर कापडी बाहुलीवर नळी बसवायला शिकवतात. खऱ्या मुलाची नळी बदलायची तर पहिली बदली डॉक्टरांच्या देखत, असा नियम केला आहे. दुसरी अट अशी, की आईबरोबर घरातलं आणखी एक माणूस आलं तरच शिकवायचं. गेल्या वेळी एकीचा दीर दारापर्यंत आला आणि चपला न काढता बाहेरच उभा राहिला. सिस्टर म्हणाल्या, “उभे काय राहता? या, सिरिंज धरा.”