रिटर्न भरायला दुकानदार कशाला?

जुलै उजाडला की मोबाइलवर आयकर रिटर्न भरून देणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. तीन मिनिटांत रिटर्न भरा, फुकट भरा, जास्तीत जास्त रिफंड मिळवा. माझा सगळ्यात जास्त राग त्या रिफंडवर आहे. रिफंड कुणाच्या हुशारीने वाढत नसतो. कापलेल्या टीडीएसमधून खरा कर वजा केला की उरतो तो रिफंड. सगळ्या हक्काच्या वजावटी घेऊनही तो आणखी फुगवायचा असेल, तर एकच वाट राहते, ती खोटेपणाची. न भरलेला विम्याचा हप्ता, न दिलेलं घरभाडं, नावही न ऐकलेल्या पक्षाला देणगी. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभर 150 ठिकाणी कारवाई केली, ती याच धंद्यावर. कारवाई झाली ते कमिशन घेणारे एजंट होते, अ‍ॅपवाले नव्हते, हे मान्य. पण लोकांपुढे टाकलेलं आमिष तेच. आणि उत्पन्न चुकीचं दाखवल्याचं सिद्ध झालं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड भरायचा तो करदात्याने.

मीही एकदा या अ‍ॅपच्या नादी लागलो. नाव घेत नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी गत आहे. पहिल्याच पानावर त्याने आयकर पोर्टलचा पासवर्ड मागितला, मी दिला. फॉर्म 16 चढवेपर्यंत सगळं फुकट होतं. म्युच्युअल फंडाची एक लहानशी विक्री दाखवली आणि दोन तासांची मेहनत झाल्यावर, अगदी शेवटच्या पानावर, वरचा प्लॅन घ्यायला सांगितलं. पैसे भरले. आठवड्याभरात कर्ज विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले आणि पुढे नोटीस आली, कारण बचत खात्याचं व्याज त्या रिटर्नमध्ये आलंच नव्हतं. मी जाब विचारला, तर अटींमधलं एक वाक्य माझ्यापुढे ठेवलं गेलं: माहिती अचूक असल्याची जबाबदारी ग्राहकाची.

कायद्यानेही ते खरंच आहे. रिटर्नच्या शेवटी माहिती खरी आणि पूर्ण असल्याचं प्रतिज्ञापन असतं, त्याखाली नाव आपलं असतं. मग जबाबदारी आपली आणि पैसे मात्र त्यांना, हा कुठला न्याय?

सरकारी पोर्टलची भलामण मी करत नाही. 7 जून 2021 ला नवं पोर्टल आलं ते इतकं कोलमडलं, की अर्थमंत्र्यांना ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून घ्यावं लागलं आणि रिटर्नची मुदत 31 डिसेंबरपर्यंत लांबली. पण आज तिथे पगार, टीडीएस, व्याज हे बहुतेक आधीच भरलेलं मिळतं. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरणपत्र, उघडलं की बँकेचं व्याज, लाभांश, फंडाची विक्री समोर दिसते. माझं सुटलेलं व्याज तिथे होतं, मी पाहिलं नाही. निर्धारण वर्ष 2025-26 पासून सूचिबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा 'सहज' (आयटीआर-1) फॉर्ममध्येच दाखवता येतो. आधारच्या ओटीपीने 30 दिवसांत पडताळणी केली की काम संपलं. खर्च शून्य.

ज्यांचा व्यवसाय आहे, वायदेबाजार आहे, परदेशात मालमत्ता आहे, त्यांनी सीएकडे जावं आणि त्याची फी खुशाल द्यावी. त्या माणसासमोर बसून प्रश्न तरी विचारता येतो.

सरकारलाही सुनावलंच पाहिजे. पेन्शनवर जगणारे कितीतरी आजी-आजोबा त्या फॉर्ममधल्या इंग्रजीला बिचकून दुकानदाराच्या दारात जातात. कर मराठी माणसाकडून घेता, मग फॉर्म मराठीत का नाही?

तो येईल तेव्हा येईल. तुम्ही 31 जुलैची वाट न पाहता पोर्टल उघडा, एआयएस उतरवून घ्या, बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहा. आणि कुठल्या अ‍ॅपला पासवर्ड देऊन बसला असाल, तर तो आजच बदला.