सतार चालते, डफडं काहून नाही?

अमरावती-अकोल्याच्या कॉलेजातले पोट्टे आता गिटार घेऊन उभे राहतात. सायकेडेलिक रॉक ऐकतात आणि त्यात 'भारतीय परंपरा' मिसळायची म्हणतात. मिसळा. गिटारशी आमचं वैर नाही. पण एक सवाल आहे आणि तो तोंडावर विचारतो : परंपरा म्हणजे कुणाची?

ही मिसळ नवी नाही. १९६५ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं एका गाण्यात सतार वाजवली आणि गोऱ्या पोरांना हिंदुस्थान सापडला. जानेवारी १९६८ मध्ये हाच हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आला. सरोद, संतूर, बासरी ध्वनिमुद्रित करून घेऊन गेला. तेव्हापासून जगभर पक्कं झालं, भारत म्हणजे सतार, तानपुरा, उदबत्ती आणि डोळे मिटलेला गुरू. त्यात डफडं नाही. हलगी नाही, संबळ नाही, किंगरी नाही, तुणतुणं नाही. घरंदाज वाद्यं बोटीत चढली, गावकुसाबाहेरची धक्क्यावरच राहिली.

आम्ही गोदीत ओझी उचलणारी माणसं. खोकं खांद्यावर घेण्याआधी त्याच्यावरचा मार्का बघतो : माल कुणाचा, आला कुठून, चालला कुठं. तसा या संगीतावरचा मार्का बघा. १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर' या तबकडीच्या वेष्टनावर चार योगीबुवांचे चेहरे आहेत. गांधींचाही होता, भारतातल्या धंद्याला बाध येईल म्हणून कंपनीनं काढायला लावला. पण आतल्या गाण्यात ज्यांनी दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवला, त्यांची नावं वेष्टनावर नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. ही चार नावं जगापुढं यायला २०१७ साल उजाडलं. पन्नास वर्षं! बुवांना चौकट, वाजवणाऱ्याला अंधार. दिलरुबा-तबलेवाल्यांची ही गत, तर आमच्या डफडेवाल्याला कोण पुसतो?

आणि चामडं तर तबल्यालाही लागतं, मृदंगालाही लागतं. २०२० साली गायक टी. एम. कृष्णांनी मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर पुस्तक काढलं. त्यातले बहुतेक दलित. तर चेन्नईच्या कलाक्षेत्रानं प्रकाशनाला दिलेली जागा परत घेतली. चामड्याचा आवाज पवित्र, चामडं कमावणारा हात बाटलेला. वा रे संस्कृती!

सायकेडेलिक म्हणजे काय, तर एकच सूर धरून ठेवायचा, एकच बोल घोळवायचा, माणूस स्वतःला विसरेस्तोवर. अरे, हे वऱ्हाडाला कोण शिकवतो? १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला परिटाच्या घरात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात हेच करत. एकाच नामाचा गजर, पुन्हा पुन्हा, हजारो तोंडांतून. लोक रंगले की मधेच सवाल : कर्ज काढून सण काहून करता? देवापुढं बकरं काहून कापता? पोराला शाळेत काहून घालत नाही? बाबांची धुंदी माणसाला जागं करायची. तुमची धुंदी त्याला नुसतं लोळवते. हा फरक गिटारच्या तारेत नाही, डोक्यात आहे.

आता आपल्याच पोरांशी बोलतो. तुम्ही म्हणाल, डफडं तर आपण टाकलं. गावकीची हलकी कामं टाका, असं बाबासाहेबांनीच सांगितलं. बरोबर. पण टाकायची होती ती सक्ती. पाटलाच्या दारी शिळ्या तुकड्यावर वाजवायची सक्ती. ताल कुणी टाकायला सांगितला नव्हता. आणि खरं बोला, 'ते मांगाचं हाय' म्हणून तुम्हीही नाक मुरडता. उस्ताद-पंडितांची सतार चालते, शेजारच्या मातंग भावाचं डफडं चालत नाही. ही कुठली क्रांती?

चेन्नईकडे पाहा. २०१७ साली दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा केला. प्रेतापुढं वाजवायला लावलेली पराई त्यांनी गिटार-ड्रमच्या शेजारी मंचाच्या मधोमध आणली. वस्तीतला 'गाना' सोबत घेतला. नाव घेतलं ते अयोथी दास पंडितांच्या जातिभेद नाकारणाऱ्या शब्दांवरून. 'आमची लोककला वाचवा हो' म्हणून कुणापुढं पदर पसरला नाही. आरक्षणावर गायले, गोमांसावर गायले, आंबेडकरांवर गायले. मुंबईत 'धम्म विंग्ज'नंही गिटार घेऊन भीमगीतं मंचावर नेली. मग वऱ्हाडाचं काय अडलं?

तेव्हा बँडवाल्यांनो, अट ऐका. डफडं घ्यायचं तर डफडेवाल्यासकट घ्या. त्याचा ठेका फोनमध्ये पकडून पळू नका. मंचावर तो तुमच्या रांगेत, फलकावर त्याचं नाव तुमच्याएवढ्याच अक्षरात, पैशात वाटा बरोबरीचा. आणि गाणं अकोल्याच्या कापसाचं, अमरावतीच्या झोपडपट्टीचं म्हणा. हिमालय पुरे झाला. हे जमत नसेल तर सरळ सांगा, आम्ही सतारवाले. मग परंपरेचं नाव घेऊ नका.

डफडं वाजवण्याआधी शेकावं लागतं. शेकोटी आम्ही पेटवलीय.