ढगातला गेम आणि जमिनीवरचा पिंग

मंडळी, सध्या हॉस्टेलवर क्लाउड गेमिंगची फार हवा आहे. ग्राफिक्स कार्ड नको, शंभर जीबीचं डाउनलोड नको. घरून मिळालेला साधा लॅपटॉप उघडायचा, लॉगिन करायचं की गेम सुरू! आणि यात थाप काही नाही. गेम चालतो दूरच्या सर्व्हरवर. तो प्रत्येक चित्र व्हिडिओसारखं आवळून पाठवतो आणि आपला लॅपटॉप ते फक्त दाखवतो. उलट दिशेने जातात ती आपण दाबलेली बटणं. ज्याला गेमिंग लॅपटॉप या चार वर्षांत तरी परवडणार नाही, त्याच्यासाठी ही सोय खरंच मोठी आहे. त्यामुळे तिची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही.

पण "नेटचा स्पीड वाढला की झालं" हे जे सगळीकडे ऐकू येतं ना, तिथे माझं भांडण आहे.

यूट्यूब चालतं मग गेम का अडखळतो? कारण यूट्यूब पुढचा भाग आधीच आणून ठेवतं. गेमचं पुढचं चित्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, तुम्ही बटण दाबाल तेव्हा ते ठरणार. मग साठवून काय ठेवणार, कपाळ? सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले. आणि समुद्राखालची केबल काही कुणी पट्टी लावून टाकलेली नसते! चित्र आवळण्या-सोडवण्याचा वेळ वेगळाच. सर्व्हर मुंबईतच असेल तर हा प्रवास किरकोळ होतो, हे मान्य. मग उरतं आपलं हॉस्टेल.

रात्री दहानंतर अख्खी विंग एकाच वाय-फायवर असते. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वाय-फायचा स्वभाव. त्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी डाउनलोड लावून झोपलेला. त्याची पॅकेट्स राउटरच्या रांगेत तुंबतात आणि तुमचं एवढंसं 'उडी मार' त्यांच्या मागे उभं राहतं. मेसमध्ये पुढचा पठ्ठ्या वीस मित्रांची ताटं घेऊन उभा असावा आणि आपल्याला फक्त एक पापड हवा असावा, तशातला प्रकार. स्पीड टेस्ट ५० एमबीपीएस दाखवेल, तरी पिंग शेकड्यांत जाईल. याला बफरब्लोट म्हणतात. उपायही जुनाच आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली, आणि तिच्यावरूनच आलेली एफक्यू-कोडेल प्रत्येकाची रांग वेगळी ठेवते. पापडवाला लगेच सुटतो.

आता डेटाचा हिशोब बघा. १० एमबीपीएसने खेळलात तर तासाला साडेचार जीबी. चाळीस जण एकदम बसले तर ४०० एमबीपीएस नुसते खेळायला. डाउनलोड केलेला गेम पेनड्राइव्हवरून सगळ्या मजल्यावर फिरतो. इथे मात्र प्रत्येकाचा प्रवाह स्वतंत्र, कुणाचा कुणाला उपयोग नाही. पीएलमध्ये लेक्चरचे व्हिडिओ बघणाऱ्यांनी काय करायचं?

मालकीचं तर विचारूच नका. ऑनलाइव्ह ही कंपनी २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाली, २०१५ मध्ये तिचा कारभार आटोपला. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया आणलं (भारतात आलंच नाही ते) आणि १८ जानेवारी २०२३ रोजी कुलूप लावलं. पैशाचा तोटा नव्हता, तंत्र चांगलं होतं, तरी टिकलं नाही. गूगलने गेमचे पैसे परत केले, हे कबूल करायला हवं. पण खेळलेले तास? काही गेमचं सेव्ह दुसरीकडे नेता आलं, काहींचं कायमचं गेलं. जीफोर्स नाऊवर तर आपणच इतरत्र विकत घेतलेले गेम चालतात, पण २०२० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड आणि बेथेस्डा यांनी आपले बरेचसे गेम तिथून काढून घेतले. नंतर काही परतले म्हणा.

माझं मत असं : सावकाश चालीचे, गोष्टीचे गेम खुशाल ढगातून खेळा, तिथे थोडा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. काउंटर-स्ट्राइकसाठी मात्र आपली लॅनच बरी. आणि रेक्टर सरांकडे अर्ज करायचाच असेल, तर "स्पीड वाढवा" असा नको. जुन्या विंगमध्ये भिंतीवर लॅनची पोर्टं आहेत, ज्यांवर सध्या टॉवेल वाळतात. ती चालू करून द्या आणि राउटरवर रांगेचं नियोजन लावा, एवढंच मागू. याचा फायदा न खेळणाऱ्यांनाही आहे. व्हिडिओवर मुलाखत देणाऱ्या फायनल इयरवाल्यांना विचारा.

खात्री करायची असेल तर आज रात्रीच करा. पिंग चालू ठेवा, रूममेटला एक मोठी फाइल उतरवायला लावा, आणि आकडे कुठून कुठे जातात ते लिहून ठेवा. अर्जाला जोडायला तेच कामी येतील.