जोर-बैठका की लोखंड? ग्रामसभेआधी माझं मत



आडसालीची मोठी भरणी परवा उरकली. खालच्या तुकड्यात पाणी उशिरा वाफशाला आलं म्हणून दोन दिवस जास्त गेले, पण झालं एकदाचं. भरणीवर, डोसावर सविस्तर पुढच्या पोस्टीत लिहितो. आज विषय वेगळा आहे. म्हणजे तसा शेतीचाच आहे, पण फिरून येतो.

येत्या बुधवारी आमच्या गावची ग्रामसभा आहे आणि विषयपत्रिकेवर "व्यायामशाळा साहित्य खरेदी" असा एक विषय आहे. त्यावरून डेअरीवर, पारावर, सलूनमध्ये पंधरा दिवस झाले दोन पार्ट्या पडल्यात. (राजकारणाच्या दोन आधीच होत्या.) एक पार्टी जुन्या पैलवानांची. "लोखंड कशाला पायजे? आमी जोर-बैठका मारूनच अंग कमावलं. माती बदला, तालमीचं पत्रं बदला, बास!" दुसरी पार्टी पोरांची. त्यांना बार, प्लेटा, बेंच आणि भिंतभर आरसे पाहिजेत. शिवाय तिसरं एक घोडं हळूच पुढं सरकतंय, ते म्हणजे देवळामागं ओपन जिमची रंगीत मशिनं बसवायची.

मी पोरवयात चार वर्षं तालमीत होतो आणि गेली पाच वर्षं ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एक बार ठेवलाय. त्यामुळे दोन्हीकडची धूळ अंगाला लागलीय. माझं मत सरळ सांगतो: शेतात राबणाऱ्या माणसानं रोजचा व्यायाम अंगाच्या वजनावर करावा, पण आठवड्यातून दोन दिवस जड वजन उचलावंच. आणि हे पोरांपेक्षा चाळिशी ओलांडलेल्यांना, त्यातही बायकांना जास्त लागू आहे.

आधी जोर-बैठकांची बाजू घेतो. पैसा लागत नाही, जागा लागत नाही, पहाटे मोटर चालू करायला गेलं की बांधावर पण होतं. साध्या पुश-अपमध्ये आपल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातावर येतो, म्हणजे ७० किलोच्या गड्याला ४५ किलोच्या आसपास. हा काय थोडा नाही. जोरात तर पाठ, खांदा, कंबर सगळं लवतं. बैठकीनं गुडघा आणि मांडी चालती राहते. सूर्यनमस्कारांचं सांगायलाच नको, आपल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्याचा केवढा प्रसार केला. ज्याला जमिनीवरून हात न टेकता उठता येत नाही, त्यानं जिमच्या पायऱ्या चढूच नयेत. आधी खुर्चीवरून उठबस, भिंतीला जोर, मग पुढचं.

पण एक गोष्ट आमचे पैलवान सांगायला विसरतात. तालमीत नुसत्या जोर-बैठका कधीच नव्हत्या. सकाळी फावड्यानं आखाडा उकरायचा, तो कंबरेचा व्यायाम. दोरावर चढायचं, तो पाठीचा आणि मनगटाचा. गदा, करेला फिरवायची, तो खांद्याचा. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या. आणि या सगळ्यावर कुस्ती! समोरचा ६०-७० किलोचा जिवंत माणूस, तो पण उलटा जोर लावणारा, त्याला ओढायचं, उचलायचं, फिरवायचं. यापेक्षा जड वजन कुठलं? तात्या म्हणतात, "खाशाबा जाधवांनी कुठं जिम बघितली हुती?" खरंय. गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात कांस्यपदक आणलं. पण ते आखाड्यात माणसं ओढून तयार झाले होते. आज आपण कुस्ती काढून टाकली, दोर सडला, आखाडा उकरायला कुणी येत नाही, आणि उरलेल्या जोर-बैठकांना "पारंपरिक व्यायाम" म्हणतो. तो अर्धा आहे. ढकलणं आणि बसणं राहिलं, ओढणं आणि उचलणं गेलं.

वजन उचलणं हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे असंही कुणी म्हणू नका. जेजुरीला दसऱ्याला ४२ किलोचा खंडा एका हातात तोलून धरायची स्पर्धा लागते, ती काय परदेशातून आली? आमच्याच मारुतीच्या देवळापुढं दगडी गोटी पडलीय, हल्ली तिच्यावर पोरं बसून मोबाईल बघतात.

आता शेतकऱ्याच्या मुद्द्याकडं येतो.

आपल्या कामात अंगाला सगळ्यात जास्त काय करावं लागतं? खाली वाकून काहीतरी उचलावं लागतं. खताचं पोतं, वैरणीचा भारा, उसाची मोळी, दुधाची किटली, बियाण्याचं पोतं, पाईप, मोटर. १०:२६:२६ चं पोतं ५० किलोचं. युरियाचं २०१८ पासून ४५ चं झालं (पोतं मोजून खत टाकणारे आपण, म्हणून पोतंच लहान केलं, म्हणजे खप कमी होईल असा सरकारी हिशोब). औषधाचा १६ लिटरचा पंप भरला की पाण्याचेच १६ किलो, वर पंपाचं वजन, आणि तो पाठीवर घेऊन ओल्या सरीतनं चालायचं. या वाकून उचलण्याचा सराव बैठकीत होत नाही, जोरात तर नाहीच नाही. २०० बैठका मारणारा माणूस पोतं उचलताना कंबरेतनं गेलेला मी बघितलाय. दम त्याच्याकडं भरपूर होता. पण ताकद म्हणजे दम नव्हे. एकच भार शंभर-दोनशे वेळा उचलायचा सराव केला तर शरीर तेच शिकतं, दुप्पट भार एकदा उचलायचं शिकत नाही.

"मग शेतातच रोज उचलतोय की, वेगळं कशाला?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर पोत्यातच आहे. पोतं तुमच्याकडं बघून भरत नाहीत. तुम्ही तापातनं उठलेले असा, पंचावन्न वर्षांचे असा, नुकती बाळंत झालेली सून असो, युरिया ४५ किलोच. पहिल्या दिवशी ४५, शेवटच्या दिवशी ४५. बारचं तसं नाही. रिकामा बार २० किलोचा, बायकांचा १५ चा मिळतो, तोही जड वाटला तर दहा किलोची किटली घेऊन सुरू करता येतं. मग दर आठवड्याला किलो-दोन किलो वाढवत जायचं. कंबर मागं, पाठ सरळ, वजन नडगीला लागून वर. ही रीत हलक्या वजनावर शिकता येते, चुकली तर खाली ठेवता येतं. ट्रॉलीतनं पोतं अंगावर घेताना चुकलं तर कुठं ठेवणार? म्हणून ज्याला "जड वजन धोक्याचं" वाटतं, त्याला मी म्हणतो की जड वजन तर तू रोज उचलतोस, फक्त तयारी न करता उचलतोस.

शेतातल्या कामाला व्यायाम म्हणायला माझी आणखी एक हरकत आहे. काम एकाच बाजूनं होतं, एकाच खांद्यावर भारा, एकाच हातात खुरपं. भरणीच्या आठ दिवसांत अंग मोडून निघतं, नंतर पंधरा दिवस बांधावर बसून पाणी धरायचं. व्यायामात भार हळूहळू चढतो आणि मध्ये विश्रांती असते. कामात दोन्ही आपल्या हातात नसतं.

बायकांचं तर कुणी बोलतच नाही. दोन्ही पार्ट्यांच्या तोंडात त्यांचं नावसुद्धा नाही. आमच्या भागात भांगलणीला बाई सहा-सात तास वाकून असते. त्यानं कंबर धरते, पण हाडाला जो जोरकस भार लागतो तो त्यातनं मिळत नाही. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात. मग पन्नाशी-साठीत गोठ्यात पाय घसरायचं निमित्त, मनगट नाहीतर खुबा मोडतो. आणि खुबा मोडलेली म्हातारी घरात किती दिवस आणि कशी काढते, ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

यावर ऑस्ट्रेलियात एक चांगला अभ्यास झाला, २०१८ च्या आसपास छापून आला. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या शंभरएक बायका घेतल्या. निम्म्यांना घरी करायचा हलका व्यायाम दिला. निम्म्यांना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकाराच्या देखरेखीखाली जड वजन उचलायला लावलं. जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठक, बार डोक्यावर नेणं, आणि उडी मारून दणकन् उतरणं. पाच-पाचचे पाच सेट, आणि वजन असं की एकदाच उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांच्या वर. जड वजनवाल्यांच्या मणक्याची घनता वाढली, हलकं करणाऱ्यांची घटली. हाड मोडेल म्हणून ज्यांना आपण तांब्यासुद्धा उचलू देत नाही, त्या वयाच्या बायका होत्या या.

त्याच्याही आधी, १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग छापून आला होता. नव्वदीच्या आसपासचे दहा म्हातारे-म्हाताऱ्या. आठ आठवडे पायांना वजन लावून व्यायाम दिला. नऊ जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यांच्या पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आमच्याकडं साठीला माणूस म्हणतो, "आता काय राह्यलंय."

पोरांनी फार उड्या मारू नयेत, त्यांनाही थोडं सुनावतो. दंड फुगवायला जड लोखंडच पाहिजे असं काही नाही. हलक्या वजनानं किंवा अंगाच्या भारावरही अगदी थकेपर्यंत केलं तर स्नायू जवळपास तेवढाच वाढतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. जड वजनाचा खरा फायदा कमाल ताकदीत आणि हाडात आहे. म्हणजे आरशात बघायला जिम पाहिजे असेल तर तात्यांच्या जोर-बैठका आणि एक दोर पुरेल. आणि रीलसाठी पहिल्याच महिन्यात शंभर किलो उचलायला जाणाऱ्यांनी आपल्या सांगलीच्या संकेत सरगरची लिफ्ट परत बघावी. पानटपरी चालवणाऱ्या घरातला पोरगा, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य घेऊन आला. सुवर्ण एका किलोनं हुकलं. त्याच दिवशी त्याचा कोपर दुखावला. तो देशासाठी शेवटचा किलो काढायला गेला होता. आपल्याला कुणी शेवटचा किलो मागितलेला नाही. सेट संपताना अंगात अजून दोन वेळा उचलायचा जोर शिल्लक पाहिजे, एवढं धरून चाललं तरी पुष्कळ. पावडरीच्या डब्यावर आज बोलत नाही, डोकं फिरतं.

बीपी आटोक्यात नसलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं. वजन उचलताना श्वास कोंडला की बीपी वर उसळतं. भरणी, तोडणी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत लोखंडाला हात लावायचा नाही, तेव्हा सूर्यनमस्कार आणि झोप. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लासुद्धा स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस एवढाच आहे. रोज दोन तास कुणी सांगितलेलं नाही.

ओपन जिमच्या मशिनांबद्दल एवढंच, की बहुतेकांवर वजन वाढवायची सोयच नसते. पावसाळ्यात बेअरिंग गंजलं की झोपाळा होतो. शेजारच्या गावात जाऊन बघून या.

तर बुधवारी मी काय मागणार आहे ते लिहितो, पटलं तर हात वर करा. तालमीची माती आणि दोर नवीन करा, तात्यांचं ते म्हणणं शंभर टक्के मान्य. २० किलोचे दोन बार, १५ किलोचा एक, प्लेटा सव्वा किलोपासून वीसपर्यंत. बारीक प्लेटा कोटेशनमध्ये हमखास राहतात आणि हळूहळू चढवायला त्याच लागतात. बैठकीसाठी एक भक्कम स्टँड. आरसे नकोत, त्या पैशात खाली रबराची मॅट येईल. पहिले तीन महिने शिकवायला तालुक्याहून जाणकार माणूस, त्याचं मानधन ठरावात लिहून घ्या. आणि रोज एक तास फक्त बायकांचा, वेळ त्यांनीच ठरवायची, त्या तासाची किल्ली बचत गटाकडं. हा शेवटचा मुद्दा सभेत मी मांडला तर हसतील, म्हणून वहिनी, काकू, तुम्ही स्वतः यायला पाहिजे. सकाळी १० ला, शाळेच्या हॉलमध्ये.