वाटीभर साखर, पोतंभर चौकशी

दाराची बेल वाजली की सामान्य माणूस दार उघडायला उठतो. मी पंखा बंद करायला उठतो. पंख्याचा आवाज थांबला की घरात कुणी नाही असं बाहेरच्याला वाटतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. समोरच्या वहिनींनी ती एका वाक्यात निकालात काढली. "भावजी, पंखा नका हो बंद करत जाऊ, उकडतं उगीच. तुमची चप्पल बाहेरच असते की!" त्या दिवसापासून मी चप्पल आत ठेवू लागलो. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी हजर. "काय हो, चप्पल चोरीला गेली की काय? दिसली नाही बाहेर."

आम्ही राहतो बाळकुमला. कापूरबावडीहून जुन्या आग्रा रोडनं कशेळीच्या पुलाकडे निघालात की खाडीच्या अलीकडे लागतं ते बाळकुम. मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. गाव अजून आहे, पण चहूबाजूंनी टॉवर उठल्यामुळे त्याच्या वाट्याला ऊन जरा उशिरानं येतं. मी इथं आलो तो शांततेच्या आशेनं. कारण माझं बालपण गेलं गिरगावातल्या चाळीत. बारा बिऱ्हाडांत मिळून एक नळ, आणि माझ्या गणितातल्या मार्कांवर बाराही बिऱ्हाडांचा समाईक हक्क! पु. लं.चं 'बटाट्याची चाळ' 1958 साली पुस्तकरूपानं आलं आणि अवघा महाराष्ट्र हसून हसून लोळला. मी मात्र ते पुढे मोठेपणी भयकथा म्हणून वाचलं.

फ्लॅट घेतला तेव्हा वाटलं, सुटलो. आता भिंत आपली, दार आपलं, दाराबाहेर जाळीचं दुसरं दार, तेही आपलंच. पण मंडळी, चाळ भिंतीत नसते, माणसात असते. चाळ पाडता येते, तिथल्या माणसांना टॉवरमध्ये नेता येतं, पण गॅलरीत उभं राहून दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची सवय काही पाडता येत नाही. ती सामानाबरोबर टेंपोतून येते आणि पहिल्यांदा उतरते तीच.

आता साखरेचंच घ्या. वाटीभर साखर मागायला आलेल्या माणसानं वाटीभर साखर घेऊन जावं, एवढी माझी माफक अपेक्षा. पण साखर हे निमित्त. ती वाटी हातातच राहते आणि प्रश्न सुरू होतात. जेवणं झाली का? काय केलं होतं? एवढा उशीर का? काल तो कुरिअरवाला मोठं खोकं घेऊन आला होता, त्यात काय होतं? मिक्सर? कितीला पडला? फसलात हो तुम्ही! म्हणजे साखर आमची, मिक्सर आमचा, आणि फसलेले आम्हीच.

मी गप्प बसतो, तर मला नावं ठेवतात. आपल्या भाषेत अशा नावांचा काही दुष्काळ नाही. माणूसघाणा, एकलकोंडा, घुम्या, तुसडा, शिष्ट, आढ्यताखोर. माझी ओळख करून द्यायला यातला कुठलाही शब्द चालतो. उलट दिवसभर जिन्यात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेणाऱ्याला काय म्हणतात? मनमिळाऊ! बोलका! माणसातला माणूस! भोचक आणि चोंबडा हे दोन अस्सल शब्द आहेत म्हणा आमच्या बाजूनं, पण ते तोंडावर वापरायला धीटपणा लागतो, आणि धीटपणा असता तर मी पंखा कशाला बंद केला असता? कार्ल युंग नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1921 साली एक जाडजूड ग्रंथ लिहून माणसांचे अंतर्मुख आणि बहिर्मुख असे प्रकार मांडले. त्यातला अंतर्मुख हा आजार नाही, स्वभाव आहे. ही गोष्ट मी सेक्रेटरींना सांगून पाहिली. ते म्हणाले, "असं होय? मग यावर काही औषध चालू आहे का?"

आतापर्यंतचं सगळं मी हसण्यावारी नेत होतो. हा लेखही लिहिला नसता. पण गेल्या वर्षी माझी मुलगी सासर सोडून आमच्याकडे राहायला आली. का आली, ते आमच्या तिघांत राहू द्या. तुम्हालाही सांगणार नाही. राग मानू नका.

पहिल्या आठवड्यात आमच्याकडून नऊ वाट्या साखर गेली. मुलगी आलीये वाटतं? जावई नाही आले? किती दिवस आहे? बॅगा बऱ्याच दिसल्या, म्हणून विचारलं. एक काकू तर उंबऱ्यातच तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सांग हो मोकळेपणानं, मी काही कुणाला सांगणार नाही." इमारतीतल्या झाडून सगळ्या बातम्या आजवर याच एका वाक्यानंतर फुटलेल्या आहेत.

मग माझ्या लक्षात आलं की मुलगी कामावरून उशिरा येते आणि लिफ्ट सोडून जिन्यानं सात मजले चढते. मला वाटलं, व्यायाम करत असेल. एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर ती कचऱ्याची पिशवी हातात घेऊन दारातल्या भिंगातून बाहेर बघत उभी.

"काय गं, कुणी आलंय का?"

"नाही बाबा. कुणी नाही ना, तेच बघतेय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्वतःच्या घरातून कचरा टाकायला निघताना तिनं चोरासारखं डोकवायचं? आणि का, तर बाहेर शेजारधर्म पाळणारी माणसं उभी असतील म्हणून?

1962 साली सर्वोच्च न्यायालयानं खरकसिंग नावाच्या माणसाच्या खटल्याचा निकाल दिला. माणूस उत्तर प्रदेशातला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला. तरी पोलिसांची त्याच्यावर पाळत होती. रात्री यायचे, दार ठोठावायचे, झोपेतून उठवायचे. न्यायालयानं तेव्हा गोपनीयतेचा मूलभूत हक्क काही मान्य केला नाही, पण पोलिसांचं हे रात्रीचं घरी येणं तेवढं घटनाबाह्य ठरवलं. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगून टाकलं की गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. त्या दिवशी मी पेढे आणले. वाटले मात्र नाहीत. वाटायला गेलो असतो तर सगळ्यांनी 'कसले?' म्हणून विचारलं असतं.

पण मेख अशी की हा हक्क मुख्यतः सरकारपुढे मिरवायचा. खरकसिंगाच्या दारात पोलिसानं रात्री यायचं नाही, हे ठरलं. माझ्या दारात समोरच्या वहिनींनी वाटी घेऊन यायचं की नाही, यावर राज्यघटना मौन पाळून आहे. एकूण काय, दरोड्याचा आरोप झालेल्या माणसाला जे संरक्षण आहे, ते सासरहून परत आलेल्या मुलीला नाही.

यावर लोक हमखास एक प्रश्न टाकतात. "शेजारी नकोत म्हणता, पण रात्री छातीत कळ आली तर कोण येणार?" प्रश्न बिनतोड वाटतो. मलाही वाटायचा. 2020 साली त्याचं उत्तर मिळालं.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुढे आमच्याच बाळकुमला, साकेतच्या बाजूला, महापालिकेनं कोविडचं मोठं रुग्णालय उभं केलं. त्या दिवसांत मला ताप भरला. तासाभरात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकोणचाळीस मेसेज. कुठे गेले होते? कुणाला भेटले? लिफ्टचं बटण कुठल्या बोटानं दाबलं? आणि दारात? दारात कुणी नाही. आयुष्यभर ज्या शांततेसाठी झुरलो ती अखेर मिळाली, पण उपभोगायला अंगात त्राण नव्हतं. लोक घाबरले होते, त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. मीही घाबरलो होतो. पण रोज सकाळी सातला दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली असायची. दूध, कधी डब्यात पेज, एकदा मोसंबी. सलग चौदा दिवस. आणणारे होते तळमजल्यावरचे एक गृहस्थ. इतक्या वर्षांत आमचं बोलणं काय ते, "पाऊस आहे." "हो, आहे." एवढंच. बरा झाल्यावर आभार मानायला खाली गेलो. ते म्हणाले, "ठीक आहे." मी म्हणालो, "बरं." यापेक्षा हृद्य संवाद मी रंगभूमीवरही ऐकलेला नाही.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे. काळजी आणि चौकशी या दोन गोष्टी आपण एकाच वाटीत घालून ठेवल्या आहेत, त्या वेगळ्या करा. काळजी विचारते, "काही हवंय का?" चौकशी विचारते, "काय झालं?" पहिल्या प्रश्नाला 'नको' म्हणता येतं आणि विचारणारा खुशाल परत जातो. दुसऱ्या प्रश्नाला 'नको' म्हटलं की तिसरा प्रश्न येतो. संकटात धावून येण्याचं भाडं म्हणून एरवी वर्षभर दुसऱ्याच्या घरात डोकवायचा परवाना मागू नये. आणि अनुभव असा, की परवाना वापरणारे वेगळेच असतात आणि धावून येणारे वेगळेच.

परवा मुलगी कधी नव्हे ती लिफ्टनं वर आली. मी तिच्याकडे बघत राहिलो. तीच म्हणाली, "अहो, ते तळमजल्यावरचे काका लिफ्टचं दार धरून उभे होते. 'या,' म्हणाले. मी आत शिरले, त्यांनी दार लावलं आणि गेले." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "बाबा, काहीच विचारलं नाही हो त्यांनी!" दोन महिन्यांत तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

हे लिहीत असताना बेल वाजली आहे. ही आतून म्हणते आहे, "अहो, बघता का जरा? समोरच्या वहिनी असतील." असतील नाही, आहेतच. वाटीचा आवाज ओळखतो मी. पण आज पंखा चालू आहे आणि चप्पलही बाहेरच आहे. मी दार उघडणार आहे. साखर देणार आहे, शीग लावून. आणि मग त्यांच्या पहिल्या प्रश्नाआधी मीच विचारणार आहे, "आणखी काही हवंय का?"

नाही म्हणाल्या, की दार लावून घेणार आहे.