‘रणांगण’ पुन्हा वाचताना

श्रावणात दमट झालेली पुस्तके भाद्रपदात उन्हे पडली की अंगणात मांडावयाची, हा आमच्या घरचा नेम आहे. मलाजखंडचा पाऊस कपाटात शिरतो म्हटले तरी चालेल. यंदा त्या पसाऱ्यातून आमच्या कन्येने विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ उचलली. तिचे शिक्षण सारे हिंदीतून; मराठी ती बोलते सफाईने, वाचते मात्र अडखळत. तरी चार दिवसांत तिने ती छोटेखानी कादंबरी संपविली आणि जेवताना विचारले, ‘‘बाबा, ह्याने तिला जाऊ कसं दिलं?’’

एम्. ए. ला असताना या प्रश्नाचे उत्तर आम्ही वहीत उतरून घेतले होते : परिस्थिती. तेच कन्येस सांगितले. कादंबरी 1939 ची. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले. न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी 1935 साली जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते. 1938 च्या जुलैत एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रे त्यांच्यासाठी एकत्र बसली, हळहळली आणि बहुतेकांनी दारे लावून घेतली. परवान्यावाचून उतरता येईल असे उरले शांघाय. पूर्वेकडे जाणाऱ्या बोटी त्यामुळे निर्वासितांनी भरून जात. तशाच एका बोटीवर युरोपातून परतणारा चक्रधर विध्वंस आणि देशोधडीला लागलेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ पडते. मुंबईस तो उतरतो, बोट पुढे जाते, आणि त्या पुढल्या प्रवासात हॅर्टा आपले जीवन संपविते.

(बेडेकर 1906 साली अमरावतीस जन्मले. अमरावती आणि बालाघाट तेव्हा एकाच प्रांतात होते. आम्हा इकडच्या मराठी माणसांना एवढा अभिमान क्षम्य असावा.)

कन्या गप्प राहिली. तिचे समाधान झाले नव्हते. खरे म्हणजे आमचेही झाले नाही. त्या रात्री आम्ही पुस्तक पुन्हा उघडले. नाव ‘रणांगण’, पण त्यात लढाई कुठेच नाही. तरुणपणी आम्हाला हॅर्टाचा मारेकरी हिटलर दिसला होता, आणि तो आहेच. पण चक्रधराकडे आमचे लक्ष तेव्हा पुरेसे गेले नव्हते. उमेच्या प्रेमात पोळलेला हा माणूस स्त्रीच्या प्रेमाकडे थट्टेनेच पाहावयास शिकला आहे. हॅर्टाने सर्वस्व गमावले आहे, तरी ती हातचे न राखता प्रेम करते. याच्याजवळ घर आहे, देश आहे, आणि हा हिशेब करीत बसतो. तिची किंमत त्याला कळते तेव्हा समुद्र मध्ये आलेला असतो. काही टीकाकारांनी त्याला दुबळा म्हटले. आम्हाला तो ओळखीचा वाटला.

त्याचे कारण सांगावयास हवे. येथील तांब्याच्या खाणीतले एक स्नेही चौदा वर्षे रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येत. चहा, वर्तमानपत्र, क्वचित भांडणही. निवृत्त होऊन, क्वार्टर रिकामे करून ते मुलाकडे निघाले, तेव्हा आम्ही बसस्टँडवर पोचवावयास गेलो होतो. ‘‘बॅगेची कडी नीट लावा,’’ एवढेच आम्ही बोललो. आणखी एक वाक्य ओठांवर होते. पन्नाशीच्या माणसाने पुरुषाला असले काही सांगावे का, या संकोचात बस सुटली. आठ महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला.

सकाळी हे सारे कन्येस सांगावे असे मनात होते. ती अंगणात उरलेली पुस्तके पालथी घालीत बसली होती. ‘रणांगण’ तिने वेगळी ठेवली होती. म्हणाली, ‘‘बाबा, मी परत वाचतेय. ह्या वेळी तिच्याकडून.’’ आम्ही शेजारी सतरंजीवर बसलो आणि त्या स्नेह्यांविषयी बोलू लागलो.