थिएटरच्या दारातली चिकट चटई

परवा एका नातलगाच्या ऑपरेशनच्या निमित्ताने शहरातल्या एका नव्या हॉस्पिटलात गेलो होतो. ऑपरेशन थिएटरच्या दारात निळी चिकट चटई. पातळ प्लॅस्टिकच्या तावांना एका बाजूने डिंकासारखा लेप, असे बरेच ताव एकावर एक. पाय ठेवला की तळव्याची धूळ तावाला चिकटते. वरचा ताव मळला की सोलून टाकायचा. बरोबरची मंडळी भारावली. "काय स्वच्छता आहे, डॉक्टर!"

वरचा ताव मात्र काळा पडलेला. सोलायचे कोणाला सुचलेच नव्हते. मग ते पायपुसणेच झाले की!

मुळात ऑपरेशनची जखम चिघळते ती बुटांच्या धुळीने क्वचितच. रुग्णाच्या कातडीवरचे जंतू, आम्हा मंडळींचे हात, नीट निर्जंतुक न केलेली हत्यारे, ही नेहमीची कारणे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००३ सालीच थिएटरच्या दारात अशा चटया वापरू नका, असे सांगितले आहे. हॉस्पिटलात बांधकाम चालू असेल तर गोष्ट वेगळी. तेथे धुळीबरोबर बुरशी वॉर्डात शिरते, ती अडवायला चटईची मदत होते.

एरवी हा पैसा साबणावर आणि लादी ओल्या फडक्याने पुसणाऱ्या माणसाच्या पगारावर खर्चावा, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिएन्नात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. या हॉस्पिटलात वॉर्डातल्या बेसिनपाशी मी साबण शोधला. मिळाला नाही.